नकलेचा शेरा

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाने कॅलेंडरावरून काढलेला पद्मपाणी मला आणून दाखविला. मी त्याखाली तांबड्या शाईने 'नक्कल' असा शेरा मारून वही परत केली. पुढे त्याने मला एकही चित्र दाखविले नाही. मी स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही. कादंबरी लिहायला शिकलो तो आवडत्या लेखकांची पाने रात्री बसून उतरून काढीत. तरीही तो शेरा माझ्याच हातून गेला.

आमच्या छावणीपासून अजिंठा शंभर किलोमीटरांवर. गेल्या हिवाळ्यात पहिल्या लेण्यातल्या त्या मूळ पद्मपाणीपुढे उभा असताना हे सारे आठवले. या भिंतींच्या नकला काढण्यात माणसांची आयुष्ये गेली आहेत. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे येथे काम केले; त्यांच्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन येऊ लागले. त्यांच्याही बऱ्याच प्रती १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. भिंतीला तर या नकलांचा उपसर्गच झाला, कारण रंग नीट दिसावेत म्हणून तिच्यावर व्हार्निश फासले गेले, आणि ते पुढे पिवळे पडले.

प्रती जळाल्या, त्या काढणाऱ्या हातांचे काय झाले? ग्रिफिथ्सचे शिष्य पेस्तनजी बोमनजी पुढे पारशी घरांतली तैलचित्रे काढीत राहिले. त्यांत अजिंठ्याची रेषा शोधून सापडत नाही, म्हणून मुंबईकरांचे श्रम वाया गेले असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. त्यांच्यावर सोपविलेले काम भिंतीची नोंद करण्याचे होते, आणि तेही कॅनव्हासवर, तैलरंगांत. पोपडे धरलेल्या भिंतीचा एकेक डाग उतरविलेल्या माणसालाच वस्त्राचा पोत आणि म्हाताऱ्या कातडीची सुरकुती अशी दिसते. पेस्तनजींनी जे उतरविले, तेच ते शिकले.

१९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस आले. हे अवनींद्रनाथांचे शिष्य. भिंतीपाशी येण्यापूर्वीच त्यांना रेषेची तहान होती. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी काढलेली चित्रे पाहावीत. त्यांत बोधिसत्त्व नाही. ढोल बडविणारे, बैल आवरणारे खेडूत आहेत. पण एका फटकाऱ्यात देहाचा सारा तोल सावरणारी ती रेषा कुठून आली, हे अजिंठा पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. अर्थात तिच्यात बाजारी पटांचाही वाटा आहे. नंदलालांनी एकाच भिंतीची गुलामी केली नाही.

त्या मुलाच्या चित्रात पद्मपाणीच्या भुवईपाशी कागद खोडरबराने झिजून पातळ झाला होता. बाकी चित्र एका दमात काढलेले. तेवढी एक भुवई त्याने पाच-सहा वेळा तरी खोडली असावी. हे मला तेव्हाही दिसले होते. मी त्याला गबाळेपणा समजलो. आता तो शहरात दुकानांच्या पाट्या रंगवितो असे ऐकतो. दिवाळीची सुट्टी लागली की जाऊन एखादी पाहणार आहे.