मोक्याची जागा

तुम्ही देऱ्यात आलात तर सोन्याच्या बाजाराकडे वळण्याआधी खाडीच्या काठाने थोडं चाला. एक दिरहम देऊन पलीकडच्या बर दुबईहून अब्र्यात बसून आलात तर आणखी चांगलं. धक्क्याला लाकडी गलबतं दोन-दोन, तीन-तीन अंगाला अंग लावून उभी असतात. काठावर टायर, फ्रीज, बिस्किटांची खोकी रचलेली असतात, इराणला नाहीतर सोमालियाला जायची वाट बघत. गावाकडचा कोणीही पाहुणा इथे आणला की पाच मिनिटांत त्याच्या तोंडून एक वाक्य येतंच : "एवढ्याशा खाडीवर यांनी एवढं केलं, आणि आपल्याकडे बघ!"

मी जयगडच्या खाडीकाठचा. हे वाक्य मीही अनेकदा बोललो आहे. पण गेल्या हिवाळ्यात इथल्या एका मराठी कार्यक्रमात याच वाक्यावर तासाभराचं भाषण ऐकलं आणि तेव्हापासून ते मला खुपायला लागलं. पडद्यावर नकाशा होता. जयगडपासून जेबेल अलीपर्यंत लाल रेघ. महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा किनारा, 48 लहान बंदरं, समोर आखात, मागे देशातलं सर्वांत श्रीमंत राज्य; एवढी मोक्याची जागा असताना कोकणाचा कॅलिफोर्निया झाला नाही, कारण इच्छाशक्ती नाही. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी टेबलावर प्लॉटची माहितीपत्रकं होती. तुमच्या गावच्या मंडळातही असं भाषण झालं असेल. नसेल तर होईल.

जागा मोक्याची म्हणजे काय, हे त्या तासाभरात कोणी विचारलं नाही. देऱ्यापासून गाडीने अर्ध्या तासावर शारजा आहे. (संध्याकाळी दोन तास, पण तो वेगळा विषय.) तेच आखात, तसलीच खाडी, तेच वाळवंट. उलट 1932 मध्ये इंपिरियल एअरवेजची विमानं शारजात उतरायला लागली, ब्रिटिशांचा तळही तिथेच होता. 1950 च्या दशकात दोन्ही खाड्या गाळाने भरत होत्या. दुबईच्या शेख राशिद यांनी कुवेतकडून कर्ज काढलं आणि 1961 पर्यंत खाडीचा पहिला मोठा उपसा करून घेतला. शारजाची खाडी त्याच सुमारास बुजत गेली आणि व्यापारी दुबईकडे सरकले. नकाशावर दोन्ही ठिपके एकाच नखाखाली झाकले जातात. मग फरक जागेने कसा पडला?

'म्हणजे इच्छाशक्तीच की', असं वक्ते म्हणतील. थांबा. कर्ज काढण्याइतका व्यापार देऱ्यात आला कुठून, हेही बघू. पलीकडच्या इराणी किनाऱ्यावर लिंगेह नावाचं बंदर होतं, एके काळी दुबईपेक्षा कितीतरी मोठं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या सरकारने तिथे कडक जकात बसवली. दुबईच्या शेख मकतूम यांनी नेमकी उलट चाल खेळली, जकात उठवली आणि व्यापाऱ्यांना वसायला जागा दिली. 1904 च्या सुमारास आपल्या मुंबईशी बांधलेल्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी इथे नियमित थांबू लागल्या. लिंगेह जागचं हललं नाही, समुद्र आटला नाही. पेढ्या तेवढ्या उठून इकडे आल्या.

दुसरी गोष्ट तर आपल्या घरचीच. सोनं. भारताने 1960 च्या दशकात सोन्यावर नियंत्रण आणलं, 1968 मध्ये त्याचा कायदाच केला, आणि देऱ्याचा सोन्याचा बाजार फुलला. इथे उघडपणे, कायदेशीर खरेदी केलेलं सोनं गलबतातून निघायचं आणि रात्री आपल्या किनाऱ्यावर उतरायचं. कोकणच्या बंदरांचा एक बऱ्यापैकी तेजीचा काळ हा असा सरकारी दप्तराबाहेरचा आहे. त्याच वाटांनी पुढे 1993 मध्ये दिघीला आणि शेखाडीला आरडीएक्स उतरलं, म्हणून त्याबद्दल कौतुकाने बोलवत नाही. पण मुद्दा राहतोच : दोन्ही किनाऱ्यांना जोडणारी ती लाल रेघ खरोखर होती, वापरात होती, आणि तिने एका टोकाला शहर उभं केलं, दुसऱ्या टोकाला काही नाही. कारण नफा जिथे कायदेशीर होता तिथे दुकान, पेढी, गोदाम झालं. जिथे बेकायदा होता तिथे उजाडायच्या आत पुरावा नाहीसा करावा लागत होता. अशा धंद्यावर गाव कसं वाढणार?

आता आपल्या बाजूला या. बंदर म्हणजे पाणी, असं आपण धरून चालतो. बंदर म्हणजे त्याच्या पाठीमागची वाट. दाभोळ बहमनी आणि आदिलशाही काळात गजबजलं, कारण कुंभार्ली घाटाने बैलांचे तांडे देशावरून खाली उतरत. पोर्तुगीजांनी 1508 च्या अखेरीस ते जाळलं. राजापूरला इंग्रजांनी वखार घातली तीही अणस्कुरा घाटाच्या भरवशावर. मग 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी वर चढली, पाठोपाठ थळघाटातून, आणि देशावरचा सगळा कापूस एकाच दिशेला वळला. त्या दिवसापासून रत्नागिरी, दाभोळ, विजयदुर्ग मोक्याच्या जागी राहिली नाहीत. समुद्र होता तसाच होता, सह्याद्री मात्र उंच झाला, असं म्हणा हवं तर. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला 1998 उजाडलं आणि तीही उत्तर-दक्षिण धावते, बंदरांना बाजूला ठेवून. वैभववाडी ते कोल्हापूर हा जोड अजून कागदावर आहे. त्यात पावसाचे महिने. आमच्या लहानपणी नारळी पौर्णिमेपर्यंत खाडीच्या तोंडाबाहेर कोणी जात नसे. दाभोळच्या गॅस टर्मिनलचीसुद्धा लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्यामुळे वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाजं येत नव्हती. हे त्या लाल रेघेवर कुठे दिसतं?

आणि जमीन. इथे शेखांनी ठरवलं आणि 1979 मध्ये भर वाळवंटात जेबेल अलीचं बंदर सुरू झालं. कोणाची सही लागली नाही. आमच्या एका आमराईच्या सातबाऱ्यावर एकवीस नावं आहेत. त्यांतले सात हयात नाहीत, चार बोरिवली-डोंबिवलीला, एक मस्कतला, एक मी. कोकणात हे नवल नाही. या एकवीस जणांना एकत्र आणणं म्हणजे इच्छाशक्ती असेल, तर ती दलालांकडे भरपूर आहे, एवढं सांगतो.

भाषणातला सर्वांत लंगडा भाग शेवटचा होता. 'आपली माणसं प्रकल्पाला नाही म्हणतात.' हो, म्हणाली. स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना आधी रत्नागिरीत यायचा होता, 1993 मध्ये लोकांच्या विरोधामुळे त्याचं काम थांबवावं लागलं. तो तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. मोक्याचं बंदर, कारखाना, नोकऱ्या, सगळं तिथे झालं. आणि मे 2018 मध्ये प्रदूषणाविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला, 13 माणसं मेली, कारखाना बंद झाला. रत्नागिरीकर तेव्हा मूर्ख होते की शहाणे, याचा निकाल मी देत नाही. पण वक्त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. नाणारची रिफायनरी 2019 मध्ये रद्द झाली, मग बारसूचं नाव निघालं. तिथल्या कातळशिल्पांवरून आणि सड्यांवरून लोक रस्त्यावर बसले, त्यांना 'विकासविरोधी' म्हणणं सोपं आहे. विरोध करणाऱ्यांतही सगळे साधुसंत नव्हते, काहींनी आधीच जमिनी विकल्या होत्या, हेही मला माहीत आहे.

जिथे होकार मिळाला तिथे तरी काय झालं? जयगडला 2009 पासून बंदर चालू आहे. मोठी जहाजं लागतात, कोळसा येतो, वीज तयार होते. पण आता बंदराला हमाल लागत नाहीत, पट्टे आणि यंत्रं लागतात. आमच्या आळीतली चार मुलं तिथे कामाला आहेत, तीन सुरक्षारक्षक. खाली खाडीत मासे कमी झाल्याचं चुलते म्हणतात, यात बंदराचा दोष किती आणि ट्रॉलरचा किती हे मी सांगू शकत नाही. गाव मात्र वाढलं नाही. 2001 ते 2011 मध्ये सगळ्या रत्नागिरी जिल्ह्याचीच लोकसंख्या घटली, 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर. शेजारच्या सिंधुदुर्गाचीही तीच गत. या बंदरांतून दीडशे वर्षं सर्वांत नियमित निर्यात कशाची झाली असेल तर माणसांची. आधी आगबोटीने गिरणगावात, मग विमानाने इथे. त्या निर्यातीची कमाई मनीऑर्डरने परत आली आणि त्यातून चिऱ्याची घरं झाली, ज्यांना वर्षाचे अकरा महिने कुलूप असतं. तुमच्या-माझ्या घरांबद्दलच बोलतो आहे.

तेव्हा ते माहितीपत्रक तुमच्या हातात पडलं तर नकाशा बाजूला ठेवा आणि तीन साध्या गोष्टी विचारा. रेल्वे धक्क्यापर्यंत येते का? माल जाताना काय घेऊन जहाज परत जाणार? सातबाऱ्यावर नावं किती? वाढवणला मोठं बंदर होतं आहे, 2024 मध्ये पायाभरणी झाली, तिथे या प्रश्नांची काही उत्तरं तरी आहेत. आणि तिथल्या मच्छीमारांचे स्वतःचे प्रश्न आहेत, तेही ऐका.

परवा चुलतभावाचा फोन आला. आमराई घ्यायला कोणीतरी आलं आहे, भाव चांगला देतो म्हणतो, बंदराच्या विस्ताराची बातमी आहे. वीस जणांचं जमल्यातच आहे, तुझी सही तेवढी राहिली, कुलमुखत्यारपत्र करून पाठव. मी विचारलं, घेणारा कोण? त्याने सांगितलेलं नाव त्या दिवशीच्या माहितीपत्रकावरचं होतं. "दादा, काय करू सांग, तो शुक्रवारी परत येतोय," तो म्हणाला. मी संध्याकाळी खाडीवर जाऊन आलो. एक गलबत भरत होते, आतमध्ये जुने टायर चालले होते. फोन अजून उलट केलेला नाही.