जिद्दीच्या कथेत राहून गेलेले

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मकथन आपण वर्गात जिद्दीची कथा म्हणून सांगतो. आम्हांला एवढे वाचन अपुरे वाटते. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात हा तरुण डॉक्टर विंचूदंशाच्या रोग्यांच्या नोंदी ठेवू लागला. फुफ्फुसात पाणी साचून माणसे दगावत. पुढे प्राझोसिन या औषधाने मृत्यू खूपच घटले. पण रुग्णसेवा सांभाळून संशोधन करणाऱ्याची ओढाताण म्हणजे गुण नव्हे, ती व्यवस्थेची उणीव आहे. संशोधनात पत्नी डॉ. प्रमोदिनी यांची साथ होती. सर्वांनाच अशी साथ मिळते का? महाळुंगे पडवळच्या वर्गातही उद्याचा संशोधक बसलेला असेल. त्याला चिकाटी शिकवूच. पण मार्गदर्शन, विश्रांती आणि मदत मागण्यात कमीपणा नाही, हेही सांगू या.