पत आणि कर्ज : पी. साईनाथ यांच्या एका लेखाचे पुनर्वाचन

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील धनिकांच्या एका गटाने १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी एकाच व्यवहारात खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. गुंतवणूकदारांच्या नकाशावर शहर यावे, हा त्यामागील सांगितलेला हेतू. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘द हिंदू’ या दैनिकात पी. साईनाथ यांचा ‘ऑफ लक्झरी कार्स अँड लोली ट्रॅक्टर्स’ हा लेख प्रसिद्ध झाला.

लेखाची उभारणी एका विरोधावर आहे. मोटारींच्या किमतीपैकी सुमारे दोन-तृतीयांश रक्कम स्टेट बँकेने सात टक्के व्याजाने दिली. ट्रॅक्टर घेणाऱ्याला मात्र १२ टक्के दर पडे, असे साईनाथ नोंदवितात. आकडेच बोलके असल्याने विशेषणांची गरज भासत नाही, हे या लेखाचे बळ होय.

तथापि या विरोधामुळेच एक प्रश्न मागे राहतो. ज्यांच्यापाशी पैसा आहे त्यांनी कर्ज काढलेच का? धनिकाचे कर्ज गरजेतून येत नाही. स्वतःचे भांडवल धंद्यात फिरते ठेवून वस्तू परक्या पैशाने घेणे त्याला सोयीचे असते. मोटार व्यवसायाच्या नावे घेतल्यास १९६१ च्या आयकर कायद्यानुसार कर्जावरील व्याज आणि मोटारीचा घसारा खर्चात दाखविता येत असे. म्हणजे करपात्र नफा घटून त्या मोटारीचा काही भार सरकारी तिजोरीवर पडे. किती खरेदीदारांनी असे केले, हे लेखातून कळत नाही. साईनाथांची नजर व्याजदरावर खिळलेली आहे. कराची बाजू जमेस धरली असती, तर त्यांचाच मुद्दा अधिक धारदार झाला असता.

बँकेच्या बाजूचा युक्तिवाद परिचित आहे: जोखीम कमी, म्हणून दर कमी. लेखाने त्याला पुरेसे तोंड दिलेले नाही. वास्तविक तो स्वीकारूनही प्रश्न सुटत नाही. कोरडवाहू शेतीची जोखीम पावसाची आणि बाजारभावाची. ती शेतकऱ्याने निर्माण केलेली नाही, किंमत मात्र त्याच्याकडूनच वसूल होते.

या घटनेतील सर्वांत अर्थपूर्ण बाब सामुदायिक खरेदीची आहे. एकत्र येऊन घासाघीस करण्याची सहकाराची जुनी रीत येथे धनिकांनी उचलली. (ग्राहक संघाचे इतके महागडे उदाहरण विरळाच!) मराठवाड्यातील खेड्यांत महिलांचे बचत गटही एकत्रच कर्ज घेतात. तेथे एकीचा अर्थ असा की, एकीचा हप्ता थकला तर इतरजणींनी तो भरावा. एका गटाला संख्येमुळे सवलत मिळते, दुसऱ्याची संख्या तारण म्हणून धरली जाते.

हा भेद भाषेतही मुरलेला आहे. उद्योगाला होतो तो ‘वित्तपुरवठा’, शेतकरी होतो तो ‘कर्जबाजारी’. २००८ साली केंद्राने शेतकऱ्यांना दिली ती ‘माफी’. माफीत अपराध गृहीत असतो. बड्या उद्योगांची बुडीत कर्जे बँका ‘निर्लेखित’ करतात. निर्लेखनानंतरही वसुलीचा हक्क कायद्याने शाबूत राहतो, हे खरे. परंतु त्या शब्दात कोणी हात जोडून उभा असल्याचे चित्र नाही. साईनाथांचा लेख इंग्रजीत आहे. मराठीत तो लिहिला गेला असता, तर या शब्दांना बगल देणे लेखकाला अवघड गेले असते.