गाढवे राखणारा अना

जुन्या करारातील वंशावळी वाचक बहुधा ओलांडूनच जातो. मीही जात असे. उत्पत्तीच्या ३६ व्या अध्यायात मात्र पाय अडखळला. सेईर होरी याच्या कुळातली नावांमागून नावे, आणि मध्येच सिबोनाचा मुलगा अना. बापाची गाढवे चारताना रानात याला ‘येमीम’ सापडले, एवढेच. हा हिब्रू शब्द बायबलात दुसरीकडे कोठेही नाही. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात त्याचा अर्थ ऊन पाण्याचे झरे. १६११ च्या इंग्रजीत खेचरे! आजचे विद्वान बहुधा झऱ्यांकडे झुकतात. मला गाढवेच मोलाची वाटतात. त्या कुळात सरदार पुष्कळ. काम करताना दिसतो तो हा एकटा. माझ्या एका कादंबरीतल्या तलाठ्याला मी दोन प्रकरणे दिली. त्याला एक गाढवसुद्धा हाकता आले नाही.