पाणबुडी-दफ्तरांतील एक नोंद व तिची चिकित्सा

सरकारी शिक्क्याचा कागद तेवढा अस्सल व खासगी आठवण तेवढी संशयास्पद, अशी समजूत संग्राहकांत अद्यापि आढळते. बखर व अस्सल पत्र यांतील भेद कै. राजवाड्यांनीं आपणांस शिकविला. परंतु लिहिणारा घटनेच्या किती निकट होता हेंच त्या भेदाचें मर्म, हें आपण पुष्कळदां विसरतों. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन पाणबुडी यू-८६९ हिची नोंद या दृष्टीनें तपासण्याजोगी आहे.

डिसेंबर १९४४ मध्यें नॉर्वेहून निघालेल्या या पाणबुडीस प्रथम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जाण्याची आज्ञा होती. पुढें जानेवारींत जिब्राल्टरकडे वळण्याची बिनतारी आज्ञा सुटली, व ती पाळली गेली असें गृहीत धरण्यांत आलें. ता. २८ फेब्रुवारी १९४५ रोजीं मोरोक्कोंतील रबातनजीकच्या समुद्रांत अमेरिकन ‘फाउलर’ व फ्रेंच ‘लँदिस्क्रे’ या जहाजांनीं पाण्याखालील एका लक्ष्यावर हल्ला केला होता. युद्धोत्तर परीक्षकांनीं आज्ञा व हल्ला यांची सांगड घातली, आणि यू-८६९ तेथें बुडाल्याची नोंद झाली. जर्मन आरमाराचें प्रचंड दफ्तर १९४५ मध्यें टांबाख येथील वाड्यांत दोस्तांच्या हातीं लागलें हें खरें. परंतु परत न आलेल्या पाणबुडीच्या शेवटच्या सफरीची रोजनिशी तिच्याबरोबरच तळाशीं जाते. मागें उरतो तो दूरच्या मंडळींचा तर्क.

सन १९९१ मध्यें न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारें २३० फूट खोल पाण्यांत, पाणबुड्यांस एका जर्मन पाणबुडीचा सांगाडा सांपडला. त्यांतून वर आणिलेल्या एका सुरीच्या मुठीवर ‘होरेनबुर्ग’ हें नांव कोरलेलें होतें. या नांवाचा बिनतारी-अधिकारी यू-८६९ वर होता, हें खलाशांच्या याद्यांवरून कळत होतें. पण ती तर आफ्रिकेजवळ बुडालेली! म्हणून सुरीची साक्ष बाजूस सारली गेली. पुढें १९९७ मध्यें त्याच सांगाड्यांतून यू-८६९ हा क्रमांक असलेली पट्टी निघाली, तेव्हां वाद मिटला. या शोधांत तीन पाणबुडे प्राणांस मुकले. आणि ५६ खलाशांच्या आप्तांस अर्धशतकाहून अधिक काळ भलताच समुद्र त्यांची समाधि म्हणून ठाऊक होता.

येथें साधनें नव्हतीं असें नाहीं; त्यांचें मोल करण्यांत चूक झाली. शिक्क्याची नोंद वस्तुतः बखर होती, आणि सुरीवरील नांव हेंच अस्सल पत्र होतें. होर्स्ट ब्रेडो यांचें कार्य या प्रकाशांत पाहावें. त्यांची पाणबुडी यू-२८८ एप्रिल १९४४ मध्यें सर्व खलाशांसह बुडाली. त्या सफरींत ते नव्हते. त्यांनीं १९४७ पासून जमविलेला याद्या, पत्रें व छायाचित्रें यांचा संग्रह पुढें कुक्सहाफेन येथें स्थिरावला. या उद्योगाचें मोल थोर आहे. परंतु संग्राहकानें एक नोंद दुसरीच्या आधारें दुरुस्त करूं नये, दोन्ही विसंगतीसह जपाव्या, हाच या प्रकरणाचा धडा. यू-८६९ कशानें बुडाली याविषयीं आजहि मतभेद आहेत. कोणी स्वतःचाच टॉर्पेडो उलटल्याचें म्हणतात, तर कोणी ता. ११ फेब्रुवारी १९४५ च्या अमेरिकन जहाजांच्या हल्ल्यास कारण मानतात. तीं मतें मतें म्हणूनच नोंदलीं जावींत.

आपल्या आरमाराची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ता. ८ डिसेंबर १९६७ रोजीं रीगा येथें सेवेंत दाखल झाली. तिची भगिनी ‘कुरसुरा’ २००२ पासून विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. लोखंड जपलें गेलें. पण त्या काळच्या नाविकांपैकीं जे हयात आहेत ते आतां वार्धक्यांत आहेत. त्यांच्या वह्या, घरीं आलेलीं पत्रें व तोंडच्या हकीकती मिळवाव्या. कोणीं, कधीं, कोणत्या पाणबुडीविषयीं सांगितलें तें शेजारीं लिहावें. आणि सरकारी नोंदीशीं जुळत नाहीं एवढ्याच कारणानें एकहि ओळ खोडूं नये. ती ओळच उद्यां होरेनबुर्गची सुरी ठरेल.