दोन काळे रंग

बिदरी कामाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात बहुधा काळ्यावर खुललेल्या चांदीचेच कौतुक असते. ते खोटे नाही. पण तिथेच थांबणारी रसिकता मला अपुरी वाटते. बिदरच्या भांड्याला काळा रंग एकदा नव्हे, दोनदा चढतो, आणि त्यांतला पहिला आपल्या दृष्टीस कधीच पडत नाही.

जस्तात थोडे तांबे घालून ओतलेली सुरई कानशीने घासली की फिकट, चकचकीत दिसते. अशा अंगावर ओढलेली रेघ नजरेला सापडत नाही. म्हणून कारागीर तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतो. अंग काळवंडते, मग टोकदार सळईने काढलेली वेल पांढरी उमटते आणि तिच्यावरून छिन्नी चालते. खाचेत चांदीची तार ठोकून बसवली तर ती तारकशी, पत्र्याचा तुकडा बसवला तर तेहनिशान. नंतर सारे पुन्हा घासतात. पहिला काळा निघून जातो आणि पांढऱ्यावर पांढरी अशी नक्षी जवळजवळ हरवते. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांची प्रक्रिया होते. जस्त कायमचे काळे पडते, चांदी मात्र तशीच राहते.

पहिला काळा कारागिराच्या डोळ्यांसाठी, दुसरा आपल्या. माझे म्हणणे असे की, भांड्याची प्रत पहिल्यातच ठरते. दुसरा ती फक्त जाहीर करतो. वळणावर अडखळलेली छिन्नी, काठ फुटलेली खाच, मध्येच जाड झालेली तार, यांतले काहीही किल्ल्याची माती झाकत नाही. उलट तेच आधी डोळ्यांत भरते.

मुरादाबादच्या पितळी कामाशी तुलना केली की हे स्पष्ट होते. तिथे खोदलेल्या भागात रंगीत लाख भरून वरची घासून काढतात; रंग बाहेरून येतो आणि खाचेत बसतो. बिदरीत रंग धातूच्याच अंगातून उठतो आणि खाचेतली चांदी कोरी राहते. म्हणून बिदरीत दोन रेघांमधली मोकळी जागाही रेघेइतकीच वाचावी लागते. चांगल्या कारागिराची वेल ओळखायची ती याच मोकळ्या जागेवरून.

सन्मान पुष्कळ झाले. २०२३ साली बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. पण दुकानात आपण विचारतो काय? चांदी किती, आणि चमक टिकेल का. चमकेचीच किंमत मोजली तर खोदाईचा वेळ कमी होणार, खाच उथळ होणार. आणि उथळ खाच तार धरून ठेवत नाही.

बिदर आणि उदगीर १९५६ पर्यंत एकाच जिल्ह्यात होते. ही कला सीमेपलीकडची म्हणून दुरून वाखाणण्याची नाही, घरची म्हणून पारखण्याची आहे. आहेरासाठी तारकशीचे भांडे घ्याल तेव्हा ते उजेडात तिरके धरा, बोट फिरवा. तार बोटाला लागता कामा नये आणि वळण कुठे तुटता कामा नये. एवढे जमले की भाव विचारावा.