जात्याची लय आणि यंत्राचा ठोका

लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांच्या मिलाफाची चर्चा आपल्याकडे बहुधा पुण्या-मुंबईच्या महोत्सवांपुरती राहते. प्रत्यक्षात हा प्रयोग सर्वाधिक वेळा होतो तो लग्नाच्या वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत आणि तालुक्याच्या गावी एखाद्या गाळ्यात थाटलेल्या स्टुडिओत. बीड जिल्हाही याला अपवाद नाही. आराध्यांची गाणी, गोंधळ्यांचा संबळ, हलगी, भीमगीते हे सगळे आज एफएल स्टुडिओसारख्या प्रणालीत जाते आणि डीजेच्या भिंतीतून बाहेर पडते. या घडामोडीकडे समीक्षक दोनच प्रकारे पाहतात. एक तर परंपरा बाटली म्हणून गळा काढतात, नाहीतर तरुणांनी लोककला जिवंत ठेवली म्हणून पाठ थोपटतात. मला दोन्ही भूमिका आळशी वाटतात, कारण दोन्हींमध्ये गाणे ऐकायचे कष्ट कोणी घेत नाही. ऐकायला बसले की प्रश्न अगदी साधा उरतो : या गाण्यात वेग कोण ठरवतो, गाणारा की यंत्र?

हा प्रश्न नीट कळण्यासाठी बीड जिल्ह्यातल्याच माजलगावकडे वळायला हवे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायांचा त्यात मोठा वाटा आहे. राधाबाई बोऱ्हाडे यांच्यासारख्या गायिकांनी बाबासाहेबांवर आणि बुद्धावर गायलेल्या ओव्या या संग्रहात आहेत. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया म्हणजे ‘पारी’ने 2017 पासून हा साठा लोकांसमोर आणला. या ओव्या कागदावर वाचताना दोन ओळींच्या, आटोपशीर दिसतात. ऐकताना मात्र त्या लांबतात, मुरडतात, मागे येतात. गाणारी मध्येच ‘गं बाई’ घालते, सईला हाक मारते, ओळीचा शेवट पुन्हा उचलते आणि मग पुढे सरकते. हा भरणा फालतू नव्हे. जात्याचा फेरा, मुठीने दाणे टाकायला लागणारा क्षण, खुंट्यावरच्या दुसऱ्या बाईचा जोर आणि दम घ्यायची जागा यांचा हिशेब त्यात आहे. ओवीत काळ मोजलेला असतो, पण तो शरीराने मोजलेला असतो. स्वर मोजकेच लागतात आणि तेही ठरलेल्या बारा पट्ट्यांत चपखल बसतातच असे नाही.

असे गाणे यंत्रात घेतले की पहिले संकट चौकटीचे येते. प्रणाली उघडताच ती मिनिटाला किती ठोके ते विचारते. एकदा आकडा दिला की प्रत्येक मात्रा सारख्या अंतरावर पडते. मग निर्माता ओवीचे तुकडे करून त्या अंतरात बसवतो. ‘गं बाई’ जादा ठरते, श्वास कापला जातो, स्वर दुरुस्तीच्या साधनाने सरळ केले जातात. उरतो एक गोड, ओळखू न येणारा बाईचा आवाज, आणि त्याखाली ढोलाचा अखंड ठोका. हे यंत्राच्या स्वभावामुळेच होते, असे मात्र मी म्हणणार नाही. या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणाची आणि माहितीसाठ्याची बाजू सांभाळणाऱ्या बर्नार्ड बेल यांनीच 1980च्या दशकात जिम किपेन यांच्या साथीने ‘बोल प्रोसेसर’ ही संगणकप्रणाली विकसित केली. तबल्याच्या कायद्यांचे व्याकरण संगणकाला शिकवण्याचा तो खटाटोप होता. म्हणजे संगणकाला आपल्या संगीताच्या कलाने चालायला लावणे चाळीस वर्षांपूर्वीच सुचले होते. आजच्या प्रणालीही गाण्याच्या चालीप्रमाणे वेग कमी-जास्त करू देतात. त्याला वेळ लागतो, आणि वरातीची तारीख उद्याची असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : लोकसंगीत कधी शुद्ध होते? पेटी युरोपातून आली, बेंजो आला, ऑक्टोपॅड आला; तेव्हाही कुरकुर झालीच होती. आकाशवाणीने तर 1940 साली पेटीवर बंदी घातली आणि ती उठायला 1971 उजाडले. आक्षेप खरा आहे आणि मला तो मान्यही आहे. परकेपणाच्या मुद्द्यावर यंत्राला हाकलणारे भजनी मंडळातली पेटीही हाकलायला तयार आहेत का, हे त्यांनी सांगावे. पण पेटी गाणाऱ्याच्या मागून चालते. भजनीबुवा थबकले की पेटी थबकते. संबळ वाजवणारा गोंधळी कथेतला प्रसंग चढला की हात चढवतो, हलगीवाला वाद्य शेकून कातडे ताणून घेतो आणि नाचणाऱ्याच्या पायांकडे बघत वाजवतो. तयार लूपला डोळे नसतात. फरक इथे पडतो, वाद्याच्या जन्मगावामुळे पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यंत्राच्या स्थिर ठोक्यावरही श्रेष्ठ संगीत झाले आहे, त्याचे काय? चरणजित सिंग यांनी 1982 साली मुंबईत रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तेव्हा त्या तबकडीला कोणी विचारले नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे जाणकार चकित झाले. तिचा ठोका एका जागचा हलत नाही, तरी ती टिकते. कारण त्यांनी यंत्रातली मिंडीसारखी घसरण हेरली आणि रागाची चाल तिच्यावर सोपवली. कुणाचा आवाज कापून चिकटवला नाही. इंग्लंडमध्ये मराठी घरात जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या कर्ष काळे यांच्या ‘रिअलाइज’मध्ये (2001) तबल्यावर हात त्यांचाच आहे, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक थर त्या हाताभोवती जमतात. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे 2024 मधले ‘तांबडी चामडी’ मला वेगळ्या कारणाने प्रामाणिक वाटते. ते सरळ हाऊस संगीत आहे, मराठी शब्दांची लज्जत घेणारे, आणि लोकपरंपरेचा वारसा सांगत ते मिरवत नाही. तेव्हा स्थिर ठोका हा गुन्हा नाही. ज्या गाण्याचा प्राणच हलत्या लयीत आहे, ते न ऐकता ठोक्याला जुंपणे हा गुन्हा आहे.

डीजेच्या आवाजाचा मुद्दा मी इथे मुद्दाम बाजूला ठेवतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती पाळली जात नाही, हा पोलिसांचा विषय आहे, सौंदर्यशास्त्राचा नाही.

गाणाऱ्याला श्रेय देण्याचा, म्हणजे नावाचा प्रश्न मात्र सौंदर्याशी जोडलेलाच आहे. फ्रान्सच्या ‘डीप फॉरेस्ट’ने 1992 मध्ये सॉलोमन बेटांवरच्या आफुनाक्वा या बाईचे अंगाईगीत वापरून जगभर गाजलेले गाणे केले. ते अंगाईगीत ह्यूगो झेम्प या संशोधकाने ध्वनिमुद्रित केले होते, आणि त्याच्या वापरावरून पुढे मोठा वाद झाला. ज्याला गाणारीचे नाव लिहावेसे वाटत नाही, त्याला तिच्या श्वासाची जागा राखावीशी वाटेल हे संभवत नाही. दोन्ही बेपर्वाया एकाच मुळाच्या आहेत. उलट बाजूचे उदाहरण मुंबईचेच आहे. ‘स्वदेशी’ या रॅप चमूने ‘द वारली रिव्हॉल्ट’मध्ये आरेतल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेतले, नावासकट आणि आवाजासकट, आणि त्या गाण्यात वारली स्वर शोभेपुरता उरत नाही.

बीड जिल्ह्यातल्या स्टुडिओंकडे गुणवत्ता कमी नाही, साधनेही आता स्वस्त आहेत. राधाबाईंच्या ओव्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. त्यांच्यावर काम करू पाहणाऱ्याने आधी ठोका बंद ठेवून त्या अखेरपर्यंत ऐकाव्यात, वेगाचा आकडा त्यानंतर टाकावा, आणि गाणे प्रसिद्ध करताना गायिकेचे नाव आपल्या नावाच्या वर लिहावे.